तांग राजवाड्यात राणीपद कसे मिळे: पात्रता, विधी आणि सनदा

चीनमधील तांग घराण्याच्या काळात (६१८ ते ९०७) सम्राटाची राणी होण्यासाठी अर्ज मागवले जात नसत. बोलावणे दरबाराकडून येई आणि प्रक्रियेतील प्रत्येक महत्त्वाचा कागद सम्राटाच्याच नावाने निघे. सुरुवातीच्या नियमांनुसार एक पट्टराणी, तिच्याखाली पहिल्या दर्जाच्या ४ राण्या, दुसऱ्या दर्जाच्या ९, पुढच्या तीन दर्जांच्या मिळून २७ आणि शेवटच्या तीन दर्जांच्या ८१, अशी पदांची उतरंड होती.

पात्रतेत घराणे सर्वांत आधी पाहिले जाई. तांग संहिता या कायदेसंग्रहानुसार एकाच कुळाच्या, एकाच आडनावाच्या स्त्री-पुरुषांचा विवाह हा २ वर्षांच्या सक्तमजुरीचा गुन्हा होता. राजघराण्याचे आडनाव ली असल्याने त्या कुळातील मुलगी विचारातच घेतली जात नसे. वयाबाबत मात्र कटाक्ष नव्हता. ६२७ च्या आज्ञेत मुलींच्या विवाहाचे वय, जन्मताच एक वर्ष धरून, १५ सांगितले होते; तरीही वू झेतियान १४ व्या वर्षी राजवाड्यात आली आणि तिला 'छाइरन' हे पाचव्या दर्जाचे पद मिळाले. शिक्षेच्या वाटेनेही काही मुली आत येत. शांगगुआन वान-अर ही तान्ही असताना, ६६४ मध्ये आजोबांना देहदंड झाल्यामुळे, आईसह राजवाड्यात दासी झाली आणि पुढे दुसऱ्या दर्जाची राणी म्हणून नोंदली गेली.

पट्टराणीच्या विवाहाचे विधी ७३२ च्या राजविधिसंग्रहात तपशीलवार दिले आहेत. मागणी, नाव विचारणे, कौल, भेटवस्तू आणि मुहूर्त हे सारे दूतांमार्फत होई, आणि वधूला आणायलाही सम्राट स्वतः न जाता दूतच जात. खरा आधार सनदेचा असे. ७३५ मध्ये यांग युहुआन हिला राजपुत्र ली माओ याची पत्नी म्हणून दिलेल्या सनदेत मंत्री ली लिनफू याचे दूत म्हणून नाव आहे, आणि ती यांग श्युआनजिआओ याची थोरली मुलगी असल्याचे लिहिले आहे. वास्तविक तो तिचा चुलता होता, ज्याने वडिलांच्या निधनानंतर तिला वाढवले होते.

नियम आडवा आला की त्याला वळसाही कागदच घालून देई. ६४९ मध्ये सम्राट ताईझोंग वारल्यावर त्याची राणी असलेली वू भिक्षुणी झाली होती. त्याच्या मुलाने, सम्राट गाओझोंगने, ६५५ मध्ये तिला पट्टराणी केले, तेव्हा वडिलांनीच ती आपल्याला दिली होती असे आज्ञेत नमूद केले. एवढा सोयीस्कर खुलासा दरबारात कितपत पटला असेल, याची शंका येते.

यांगच्या बाबतीत हेच अधिक सफाईने झाले. सम्राट शुआनझोंगला स्वतःच्या सुनेशीच विवाह करायचा होता, म्हणून आधी तिला ताओपंथी संन्यासिनी होण्याची परवानगी देणारी आज्ञा निघाली. सम्राटाच्या दिवंगत मातेसाठी पुण्य मिळवणे, हे आज्ञेचे कारण लिहिले गेले. संन्यासामुळे पहिला विवाह आपोआप संपला. ७४५ च्या सातव्या चांद्रमासात ली माओला वेई घराण्यातील नवी पत्नी सनदेने देण्यात आली, आणि आठव्या मासात यांगला 'गुइफेई' हे पहिल्या दर्जाच्या राणीचे पद मिळाले. पट्टराणीचे पद तेव्हा रिकामेच होते.