ब्रेक लावला म्हणजे व्हीलचेअर हलणार नाही?

"ब्रेक लावलाय ना, मग खुर्ची हलत नाही, आजींना बिनधास्त उठवा" हे वृद्धाश्रमांत कायम ऐकू येतं. वाटणं साहजिक आहे, पण साध्या व्हीलचेअरचा ब्रेक म्हणजे मागच्या टायरवर दाबून बसणारा दांडा, बाकी काही नाही. हवा कमी झाली की दांडा टायरवर नीट टेकत नाही आणि लिव्हर मात्र लागलेला दिसतो, खरी गोची तिथे आहे. भरीव टायरही झिजतोच. चेक करायला रिकाम्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावून मागून ढकला, चाक फिरलं तर आधी हवा बघा (किती भरायची ते बहुतेक टायरच्या कडेवरच छापलेलं असतं), तरीही फिरलं तर ब्रेक टायरच्या जवळ सरकवून पक्का करून घ्या. आणि उठवताना पायपट्ट्या वर दुमडा, त्यांच्यावर उभं राहिलं तर ब्रेक चांगला असूनही खुर्ची पुढे उलटू शकते.