लूपर सिंक

वाजवलेला तुकडा तिथल्या तिथे मुद्रित करून तो सतत फिरवत ठेवणाऱ्या पेडलला लूपर म्हणतात. असा फिरत राहणारा तुकडा म्हणजे लूप. हा लूपर ड्रम मशीन, सिक्वेन्सर (ठरवून दिलेले स्वर क्रमाने वाजवणारे यंत्र), डिले (प्रतिध्वनी देणारे यंत्र) किंवा संगणक यांच्याबरोबर एकाच लयीत चालावा म्हणून केलेली जोडणी म्हणजे लूपर सिंक. गिटार आणि लूपर एवढ्यावरच भागणार असेल तर सिंकची गरज नसते. पहिला लूप जेवढ्या लांबीचा, तीच गाण्याची लय. दुसरे यंत्र स्वतःची लय घेऊन शेजारी उभे राहिले की कुरबुर सुरू होते.

ती का, हे साध्या हिशेबात दिसते. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत, चार मात्रांचे चार बार (आवर्तने) बरोबर ८ सेकंदांत बसतात. लूप बंद करताना पाय २० मिलिसेकंद उशिरा पडला तर ती चूक पहिल्या फेरीत कानाला जाणवतही नाही. पण ती दर फेरीला जमा होते. दहाव्या फेरीअखेर लूप २०० मिलिसेकंद, म्हणजे जवळपास अर्धी मात्रा मागे पडलेला असतो. दोन यंत्रांमधल्या वेळ मोजणाऱ्या स्फटिक घड्याळांना उगाच दोष दिला जातो. त्यांच्यात दहा लाखात २० भागांचा फरक धरला तरी दहा मिनिटांत १२ मिलिसेकंदच साचतात. खरा फरक पडतो तो पायाने.

यंत्रांना एकमेकांची लय कळवण्याची प्रचलित पद्धत म्हणजे मिडी क्लॉक. मिडी हे वाद्ये आणि संगणक यांच्यात संदेश पोचवण्याचे मानक, आणि क्लॉक म्हणजे त्यातले लयीचे ठोके. त्याआधी रोलँडची टीआर-८०८ सारखी ड्रम मशीन डिन सिंक वापरत, ज्यात एका मात्रेला २४ विद्युत स्पंद जात. १९८३ मध्ये मिडी मानक ठरले आणि त्यातही २४ हाच आकडा राहिला. १२० बीपीएमला असा ठोका साधारण २०.८ मिलिसेकंदांनी येतो. ठोक्याचा संदेश एकाच बाइटचा असतो. मिडीच्या पाचपिनी केबलवर सेकंदाला ३१,२५० बिट जातात, त्यामुळे एक बाइट जायला ३२० मायक्रोसेकंद पुरतात. ठोक्यांशिवाय ‘सुरू’, ‘पुढे चालू’ आणि ‘थांब’ असे आणखी तीन संदेश असतात.

मात्र हे ठोके फक्त गती सांगतात. आत्ता कितवी मात्रा चालली आहे आणि सम कुठे आहे, हे त्यांत कुठेच नसते. ‘सुरू’ हा संदेश आला ती सम, असे धरून ऐकणारे यंत्र स्वतः मोजत जाते. म्हणून ड्रम मशीन आधीच चालू असताना लूपरची केबल मागाहून जोडली तर दोघांची लय जुळते, सम जुळत नाही. मंचावर ‘सिंक बिघडला’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेले असते. बॉसच्या आरसी मालिकेतल्या काही लूपरांत टेम्पो सिंक आणि लूप सिंक असे दोन वेगळे पर्याय दिलेले आहेत, ते उगाच नव्हे. सात मात्रांचा रूपक किंवा दहाचा झपताल वाजवणाऱ्याला तर बारमधल्या मात्रा लूपरला हाताने सांगाव्याच लागतात, कारण क्लॉकला ४/४ (चार मात्रांचा बार) काय आणि ७/४ (सातचा) काय, सारखेच.

पुढे राहून लय कोणी द्यायची आणि मागे राहून ती कोणी पाळायची, हा दुसरा प्रश्न. लूपर मागे असेल तर त्यात क्वांटाइझ चालू ठेवतात. पाय थोडा आधी पडला तरी मुद्रण पुढच्या बारच्या सुरुवातीलाच उघडते आणि बारच्या शेवटीच बंद होते, त्यामुळे वरचा २० मिलिसेकंदांचा हिशेब निकालात निघतो. लूपर पुढे असेल तर पहिल्या लूपच्या लांबीवरून तो बीपीएम काढतो. यात एक गोची आहे. ८ सेकंदांचा लूप चार बारांचा धरला तर १२०, दोनचा धरला तर ६०, आठचा धरला तर २४०. यंत्राचा अंदाज चुकला की ड्रम दुप्पट किंवा निम्म्या लयीत धावू लागतात. लूपमध्ये किती बार आहेत हे आधीच ठरवून ठेवणे हा त्यावरचा सोपा इलाज. एरवी ड्रम मशीन पुढे आणि लूपर मागे, हीच मांडणी निर्धोक.

गाण्याच्या मध्ये लय बदलली तर मुद्रित आवाजाचे काय करायचे? काही लूपर तो वेगाने फिरवतात, मग स्वरही चढतो. काही स्वर तसाच ठेवून आवाज ताणतात किंवा आकसतात. त्यात टाळी, खंजिरीसारखे तीक्ष्ण आघात विरघळल्यासारखे ऐकू येतात. येणाऱ्या ठोक्यांत थरथर असेल तर ताणणारा लूपर सतत दुरुस्ती करत बसतो आणि लांब धरलेला स्वर हलू लागतो. तिसरा मार्ग म्हणजे आवाजाला हात न लावता दर फेरीला समेवर लूप नव्याने सुरू करणे. लय स्थिर असेल तर हा सर्वांत स्वच्छ.

सिंकची सोय लूपरांत नवी नाही. १९९० च्या दशकातल्या लेक्सिकन जॅममॅन आणि ओबरहाइम एकोप्लेक्स डिजिटल प्रो या रॅकमध्ये बसवायच्या यंत्रांत ती होती. उलट नंतर आलेल्या एका बटणाच्या छोट्या पेडलांपैकी अनेकांत मिडीची जागाच नसते. घेण्यापूर्वी मागची बाजू पाहिलेली बरी. २०१६ मध्ये आलेल्या एबलटन लिंकने पुढे-मागेचा प्रश्नच काढून टाकला. एकाच नेटवर्कवरची ॲप लय आणि मात्रेची जागा दोन्ही वाटून घेतात, कोणीही लय बदलली की बाकीचे तिच्यामागे जातात. पण जमिनीवरच्या पेडलला सहसा नेटवर्क नसते, त्यामुळे मध्ये मिडी क्लॉक देणारा संगणक किंवा वेगळे यंत्र लागतेच.

माणूस ड्रम वाजवत असेल तर कोणतीच केबल कामाची नाही. तिथे क्लॉक काढून ठेवतात आणि ड्रमरच्या कानात लूप मोठा करून देतात.