सिंगापूरच्या तोफा देवळालीत: कराराची पार्श्वभूमी

देवळालीत ‘अग्नी वॉरियर’ हा भारत-सिंगापूर तोफखान्यांचा सराव झाला की बातमीत ‘संयुक्त सराव’ एवढेच छापून येते. घोळ या शब्दाचाच आहे. ऑगस्ट २००८ चा दोन्ही देशांतला भूदल करार मुळात सिंगापूरला जागा वापरू देण्याचा: रणगाड्यांसाठी झाशीजवळचे बबिना, तोफांसाठी देवळाली. मुदत पाच वर्षांची. २०१३ मध्ये आणखी पाच वर्षे वाढवली. तेव्हा अशी सोय भारताने दुसऱ्या कुठल्याच देशाला दिलेली नव्हती. म्हणून ‘परदेशी तळ’ अशी ओरड झाली, ती मात्र टिकत नाही. तुकडी ठरल्या दिवसांपुरती येते, गोळे टाकते, परत जाते. नोव्हेंबर २०२४ च्या तीन दिवसांच्या तेराव्या फेरीत पाहुणे १८२ आणि यजमान ११४ होते. गरज कोणाची, ते यावरून कळावे.

गरज साधी आहे. सिंगापूरचे मुख्य बेट उत्तर-दक्षिण जेमतेम २७ किलोमीटर आणि १५५ मिलिमीटर तोफेचा लांब पल्ल्याचा गोळा ३० किलोमीटरपर्यंत जातो. एकूण संरक्षण सहकार्याचा छत्री करार २००३ चा, त्याखाली सिंगापूरच्या हवाई दलासाठी पश्चिम बंगालमधला कलाईकुंडा तळ २००७ मध्ये. देवळालीची छावणी इंग्रजी अमदानीतली. फाळणीनंतर, पाकिस्तानात गेलेल्या काकुलची तोफखान्याची शाळा इथे आली.

समुद्रसपाटीवर शिकलेल्या तोफचीला इथे हिशेब बदलावा लागतो. नाशिकचे पठार सहाशे मीटरच्या आसपास. हवा विरळ, गोळा पुढे जातो. उलट नोव्हेंबरच्या पहाटे गोळा फेकणारी दारू गार पडते, सावकाश जळते आणि गोळा अलीकडे पडतो. मारा-तक्ते, म्हणजे किती पल्ल्याला नळी किती उचलायची ते सांगणारे तक्ते, दारूचे तापमान २१ अंश धरून केलेले असतात. सकाळी घेतलेली नोंद दुपारी तशीच वापरली की चूक झालीच. दारूच्या पेटीतला थर्मामीटर पुन्हा पाहायचा, हवामानाचा नवा संदेश घ्यायचा, मगच नळीला उंची-कोन द्यायचा.

कराराच्या चर्चेत रेंजकाठची, म्हणजे गोळीबाराच्या मैदानालगतची, गावे येतच नाहीत. गोळीबाराला आधार १९३८ च्या कायद्याचा: क्षेत्र अधिसूचित करायचे, आधी सूचना द्यायची, नुकसान झाल्यास भरपाई. तोफ कोणत्या देशाची, याने गावकऱ्याला फरक पडत नाही. गुरे त्या दिवशी बांधूनच ठेवावी लागतात. बहुला किल्लाही याच पट्ट्यात असल्याने डोंगरभटक्यांना गोळीबार नसलेला दिवस गाठावा लागतो. न फुटलेला गोळा, म्हणजे ‘ब्लाइंड’, सापडला तर हात न लावता जागेवर खूण करून कळवायचे. भंगाराच्या मोहाने उचललेला गोळा हातातच फुटू शकतो.