नाम जून पाइक

(२० जुलै १९३२ – २९ जानेवारी २००६). कोरियात जन्मलेले अमेरिकन दृश्यकलावंत. व्हिडिओकलेचे आद्य प्रवर्तक. जन्म सोल येथे. कोरियन युद्धामुळे कुटुंबाने १९५० मध्ये देश सोडला आणि हाँगकाँगमार्गे जपान गाठले. टोकिओ विद्यापीठात आर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकारावर प्रबंध लिहून ते १९५६ मध्ये पदवीधर झाले आणि पुढील शिक्षणासाठी पश्चिम जर्मनीला गेले. तेथे त्यांची जॉन केज यांच्याशी गाठ पडली. केज यांच्या संगीतविचारावर झेन या ध्यानप्रधान बौद्ध पंथाचा गडद ठसा होता. पूर्व आशियातल्या या तरुणाने झेनकडे नव्याने पाहिले ते एका अमेरिकन संगीतकारामुळे, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पश्चिम जर्मनीतील वुपरटाल येथील १९६३ च्या प्रदर्शनात त्यांनी अंतर्गत जोडणी बदललेले दूरचित्रवाणी संच मांडले. वाहतुकीत बिघडलेल्या एका संचावर फक्त एक प्रकाशरेषा उमटत होती. पाइक यांनी तो दुरुस्त न करता आडवा ठेवला. रेषा उभी झाली आणि त्याचीच कलाकृती झाली. १९६५ मध्ये त्यांनी चालू संचावर नालाच्या आकाराचा मोठा लोहचुंबक ठेवला. चित्रनळीतला इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकीय क्षेत्राने वळतो, त्यामुळे पडद्यावर वळसेदार आकृत्या उमटू लागल्या. चुंबक सरकवला की आकृती बदले. प्रसारण केंद्र पाठवील ते मुकाट्याने पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती त्यांनी असे चित्रच सोपवले. तंत्रज्ञान माणसाळवणे हा कलेपुढचा खरा प्रश्न आहे, अशी त्यांची भूमिका होती.

जपानी अभियंते शुया आबे हे त्यांचे महत्त्वाचे सहकारी. दोघांनी १९६४ मध्ये दूरनियंत्रित यंत्रमानव बनवला, तर दशकाच्या अखेरीस व्हिडिओ सिंथेसायझर. या यंत्राने कॅमेऱ्याच्या चित्रातील रंग व आकार हवे तसे बदलता येत. दरम्यान अमेरिकेतील बेल या दूरध्वनी कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत पाइक यांनी संगणकावरही प्रयोग केले. त्यामुळे डिजिटल कलेच्या पूर्वपीठिकेतही त्यांना स्थान आहे.

‘टीव्ही बुद्ध’ (१९७४) ही त्यांची सर्वांत अर्थगर्भ कृती म्हणावी लागेल. बुद्धाची एक जुनी मूर्ती, तिच्यासमोर छोटा संच आणि मूर्तीवर रोखलेला कॅमेरा, एवढाच पसारा. पडद्यावर बुद्धाचे थेट चित्र दिसते आणि बुद्ध ते पाहत बसलेला असतो. चित्र थेट असल्याने ते सतत घडत असते, तरी पडद्यावर काहीच हलत नाही. हे ध्यान आहे की स्वतःच्या प्रतिमेत अडकणे, याचा निवाडा ही कृती करत नाही. प्रेक्षक मूर्तीच्या मागे जाऊन उभा राहिला तर तोही पडद्यावर येतो, आणि मग तो प्रश्न त्याचाही होतो. इथे तत्त्वज्ञान फलकावर लिहून लावावे लागत नाही. ते कॅमेरा, तार आणि पडदा यांच्या जोडणीतच आहे.

१ जानेवारी १९८४ रोजी त्यांनी न्यूयॉर्क व पॅरिस यांना उपग्रहाने जोडून ‘गुड मॉर्निंग, मिस्टर ऑर्वेल’ हा थेट कार्यक्रम सादर केला. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीतील पाळत ठेवणाऱ्या पडद्याच्या भीतीला त्यांनी दिलेले हे आनंदी उत्तर होते. १९७४ मध्येच एका अहवालात त्यांनी दूरसंचाराच्या ‘इलेक्ट्रॉनिक महामार्गा’ची कल्पना मांडली होती. १९९३ च्या व्हेनिस द्वैवार्षिकी या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जर्मनीच्या दालनाला सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. त्या दालनात हान्स हाके या जर्मन कलावंतासह पाइक यांचे काम होते. १९९६ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. मायामी येथे त्यांचे निधन झाले.

पाइक यांच्या कृतींचे जतन हा संग्रहालयांपुढचा बिकट प्रश्न आहे. चित्रनळ्या झिजतात आणि त्यांचे उत्पादन जवळपास थांबले आहे. दक्षिण कोरियातील ग्वाचन येथील १,००३ संचांचा त्यांचा मनोरा (१९८८) याच कारणाने २०१८ मध्ये बंद ठेवावा लागला. काही संच दुरुस्त करून, तर काहींत बाहेरचे रूप राखून सपाट पडदे बसवून तो २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला.