पैसे देऊ करूनही न छापलेली जाहिरात

बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पत्राचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईतून निघाला. असं पत्र निघतंय एवढंच सांगणारी जाहिरात ‘केसरी’ने छापावी म्हणून पैसे देऊ केले होते, तरी ती छापली गेली नाही. बाबासाहेबांनी ही हकीकत पुढे १९२७ मध्ये नोंदवून ठेवली. आंबेडकरी चळवळीला स्वतःची पत्रं का काढावी लागली, हे समजायला ही एक गोष्ट पुरे.

वाट त्याआधीच पडली होती. सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढला, नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो पुढे मुंबईतून चालवला.

‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत, म्हणून संपादक म्हणून नाव लागलं पांडुरंग नंदराम भटकर यांचं. शिरोभागी तुकोबांचा अभंग: ‘काय करूं आतां धरूनियां भीड’. पहिल्याच अग्रलेखात बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातल्या वृत्तपत्रांची झडती घेतली. बहुतेक पत्रं आपापल्या जातीचं हित पाहतात, इतरांची पर्वा करत नाहीत, असं त्यांनी सरळ लिहिलं. समाज ही आगबोट आहे; एका उतारूने दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडलं तर बोटीबरोबर तोही बुडणार, हा दाखला तिथलाच. शंभर वर्षांनंतरही माध्यमांवर मराठीत याहून नेमकी टीका माझ्या वाचनात नाही.

महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. महाडची हकीकत चळवळीच्या बाजूने सांगणारं पत्र आता हाताशी होतं. पण ना पैसा, ना लिहिणारे हात. चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे भरत. १९२९ मध्ये ते बंद पडलं, पुढच्या वर्षी ‘जनता’ निघालं आणि १९५६ मध्ये त्याचंच ‘प्रबुद्ध भारत’ झालं.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं छापायचं, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. ती उणीव जलशांनी भरून काढली. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशातली गण, गौळण, वग ही ओळखीची चौकट घेतली आणि तीत शिक्षण, पाणवठा, मेलेलं ढोर न ओढण्याचा निर्धार असे विषय घातले. दिवसभर राबून आलेली माणसं रात्री ऐकायला बसत. सभेतला ठराव गावकुसाबाहेरच्या शेवटच्या घरापर्यंत पोचला तो असा. चळवळीच्या इतिहासात भाषणांना जेवढी पानं मिळतात, तेवढी या शाहिरांना मिळालेली नाहीत, आणि हा मोठा अन्याय आहे.

१९७२ ला दलित पँथर ही लढाऊ संघटना उभी राहिली, तीही लघुनियतकालिकांत लिहिणाऱ्या तरुणांमधून. त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला ‘साधना’ साप्ताहिकाच्या विशेषांकात पँथरचे राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला किती दंड आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला किती, हा त्यांचा सवाल होता. गदारोळ झाला तो ध्वजाबद्दलच्या शब्दांवरून. विटंबनेचा मुद्दा त्या गोंगाटात मागे पडला.

२९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीचं हत्याकांड घडलं; एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं. सुरुवातीच्या बातम्यांनी त्यामागे अनैतिक संबंध शोधले. जातीचं नाव घ्यायला मोठ्या माध्यमांना आठवडे लागले, आणि तेही कार्यकर्त्यांनी स्वतः गावात जाऊन सत्यशोधन केल्यावर, विदर्भात लोक रस्त्यावर उतरल्यावर.