‘एकटीच राहू दे मला’: मनाचा त्रास हसत सांगण्याची मराठवाडी वाट

झोप येत नाही, जीव घाबरतो, घरात घुसमट होते, असल्या गोष्टींवर विनोद करणारी पोरंपोरी हल्ली मोबाइलवर दिसतात. हे खूळ मुंबई-पुण्याचं, असा आपला समज. मराठवाड्यात मात्र त्याची मुळं पैठणला सापडतात. संत एकनाथांची (1533–1599) भारुडं खेळून दाखवण्यासाठी आहेत. हेतू अध्यात्माचा, त्यामुळे नाथांना आद्य मानसोपचारतज्ज्ञ ठरवण्यात अर्थ नाही. पण लोकांना तिथवर न्यायला त्यांनी जी वाट धरली, ती घरातल्या त्राग्यातूनच जाते.

‘रोडगा वाहीन तुला’ घ्या. सून भवानीआईला नवस बोलते. सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिचाही निकाल लाव. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. दादलाही सुटत नाही. शेवटी ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला’. कीर्तनकार याचा अर्थ विकारांचा नाश असा सांगतात, आणि तो बरोबरच आहे. समोरच्या बायका मात्र खरजेपाशीच फिस्सकन हसतात. ही सून बहुतेक वेळा पुरुषच उभी करतो, लुगडं नेसून, कपाळभर कुंकू फासून. साथीदार मध्येच काडी टाकतो, ‘मग दादल्याचं काय करायचं गं माय?’ माहेरी आईलाही जे सांगता येत नाही, ते देवीच्या नावानं चारचौघांत बोलून होतं.

‘विंचू चावला’मध्ये अंगाला घाम आहे, सर्वांगाचा दाह आहे, पंचप्राण व्याकूळ झालेत. विंचू कामक्रोधाचा खरा. पण मध्यरात्री छातीत धडधडून उठून बसलेल्या माणसाला ही लक्षणं ओळखीची वाटतील. ‘भूत जबर मोठं गं बाई’त तर सूप आणि चाटूलाच देवऋषी केलंय! ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून अंगारे-धुपारे करणाऱ्यांची ही थट्टा सोळाव्या शतकातली.

दुसरा प्रवाह याच्या अगदी उलटा. वगातलं, गॅदरिंगच्या नाटुकल्यातलं ‘येडं’ पात्र. तिथं हसायचं ते दुसऱ्याला. ‘याला येरवड्याला धाडा’ हा हुकमी टाळीचा डायलॉग. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं अनेक दशकं चारच होती: ठाणे, पुणे (तेच येरवडा), नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नव्हतं. ज्याचं दारही बघितलं नाही, त्याच्यावर विनोद करणं सोपं जातं.

मराठवाडी बोलीलाही पूर्वी असंच गावंढळ म्हणून हसलं जायचं. 1979 मध्ये प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्यानं उभं केलं, तेव्हा पन्नासावर पात्रं याच बोलीत आपली धांदल, धास्ती, रुसवेफुगवे मांडू लागली.

पुढं दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्यांनी विषयच बदलला. 2015 मध्ये यवतमाळसोबत उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सरकारनं बळीराजा चेतना अभियान सुरू केलं. मानसिक आरोग्याचा 2017 चा कायदा मे 2018 पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता, असं त्यात गृहीत धरलं जातं. ऑक्टोबर 2022 मध्ये 14416 ही टेली-मानस हेल्पलाइन आली. प्रबोधनाच्या भारुडात हा सगळा मजकूर कोंबता येतो. पण मग सून गप्प होते आणि कार्यक्रम अधिकारी बोलायला लागतो.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवात भारूड, प्रहसन, एकपात्री हे प्रकार आजही असतात. लातूरच्या क्लासची धास्ती, एमपीएससीची तिशी ओलांडलेली तयारी, ठरत नसलेलं लग्न, या विषयांना पोरं खळखळून हसतात. शेतकरी बापाचं पात्र आलं की विनोद बँकेवर, सावकारावर, पीकविम्यावर घसरतो. सुनेनं जसं स्वतःविषयी सांगितलं, तसं ‘मला चार दिवस अंथरुणातनं उठावंच वाटेना’ असं तो बाप स्वतःच्या तोंडानं अजून फारसा म्हणत नाही.