महानगरपालिकेचे अंदाजपत्रक : फेरफाराच्या मर्यादा (वडोदरा)

वडोदरा महानगरपालिकेचे अंदाजपत्रक कोणी मांडायचे, त्याला कात्री कोणी लावायची आणि वर्ष सुरू झाल्यावर ते कितपत बदलता येते, हे १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यात बांधून दिले आहे. कायदा मूळचा मुंबई प्रांताचा. १९६० नंतर गुजरात आणि महाराष्ट्र दोघांनीही तो चालू ठेवला, म्हणून पुणे पालिकेचा कारभार जवळून पाहिलेल्याला खंडेराव मार्केटमधल्या मुख्य कचेरीत फारसे परके वाटत नाही.

मसुदा आयुक्तांचा असतो आणि तो आधी स्थायी समितीपुढे जातो. समिती कामे वाढवते, रकमा कापते; मात्र कर्जाचे हप्ते आणि व्याज यांना तिला हात लावता येत नाही. २०२२ मध्ये पालिकेने १०० कोटींचे रोखे काढले, त्यांचे देणेही याच खात्यात मोडते. वर्षअखेरीस किमान एक लाख रुपये शिल्लक राहतील अशी आखणी करण्याचे बंधन मूळ कायद्यात आहे. आजच्या हजारो कोटींच्या उलाढालीत ते नावापुरतेच उरले आहे.

खरी कसोटी २० फेब्रुवारीची. पुढच्या वर्षाचे करांचे दर सामान्य सभेने तोवर ठरवायचे असतात. दांडिया बाजारातल्या घराच्या वेराबिलावरचा, म्हणजे घरपट्टीच्या बिलावरचा, दर या ठरावातून निघतो. आयुक्तांनी सुचवलेली करवाढ समितीने फेटाळली की जमेची बाजू तेवढ्याने लंगडी पडते. मग एखादे काम वगळावे लागते, नाहीतर जमीनविक्रीसारख्या उत्पन्नाचा अंदाज वाढवून ताळा जुळवला जातो. दुसरा मार्ग कायद्यात बसतो, पण त्याचा भार पुढे 'सुधारित अंदाज' या रकान्यावर, म्हणजे वर्षाचे आकडे प्रत्यक्ष जमाखर्च पाहून पुन्हा मांडतात तिथे, येतो.

वर्ष चालू असताना अचानक निघालेल्या गरजेसाठी जादा तरतूद करता येते. त्यासाठी स्थायी समितीची शिफारस आणि सभेची मंजुरी लागते, शिवाय शिल्लक ठरलेल्या मर्यादेखाली जाता कामा नये. तरतुदीत नसलेला खर्च आयुक्तांना एरवी परस्पर करता येत नाही. जमा कमी पडून ती शिल्लकही राहणार नाही असे दिसले, तर सभेला तातडीने उपाय करावाच लागतो: मंजूर खर्च घटवणे किंवा उरलेल्या महिन्यांपुरता पूरक कर बसवणे. पुन्हा निवडून यायचे असलेला नगरसेवक यांपैकी काय निवडेल, हे सांगायला नको.